सोऱ्याचे कान आणि कळस

वस्तूच्या आकारालाही ट्रेडमार्क मिळतो. नावाला आणि लोगोला मिळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात चिन्हाच्या व्याख्येतच वस्तूचा आकार धरलेला आहे. त्या भरवशावर आम्ही आमच्या चकलीच्या सोऱ्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला आणि मला विचाराल तर बरोबर नाकारला गेला. पुढे त्याच सोऱ्याच्या एका बिनकामाच्या तुकड्यासाठी केलेला अर्ज मात्र बराच पुढे सरकला. असं उलटं का झालं ते सांगते. माझं शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं, कायद्याचं नाही. वकिलांनी वाचायला लावलेल्या निकालांतून आणि हिअरिंगमध्ये जे कानावर पडलं त्यातून जेवढं समजलं, तेवढंच यात आहे.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहे. ओतकाम शिरोलीच्या फाउंड्रीतून करून आणतो. लेथ, आटे पाडणं आणि बफिंग आमच्याकडे. सोऱ्या मूळचा काकांचा. साधा फिरकीचा सोऱ्या एकपदरी आट्यांचा असतो. घट्ट भाजणी भरली की सोऱ्याभर पीठ संपेपर्यंत मूठ फिरवून खांदा भरून येतो. काकांनी दुपदरी आटे पाडले. आता एका फेऱ्यात दट्ट्या दुप्पट खाली येतो, म्हणजे फेरे निम्मे. पण यंत्रात फुकट काही मिळत नाही, फेरे कमी झाले तसा प्रत्येक फेऱ्याला लागणारा जोर वाढला. म्हणून मूठ लांब केली. लांब मुठीवर जोर दिला की खालचं नळकांडंच हातात फिरायला लागतं, म्हणून त्याला दोन बाजूंनी दोन कान काढले. शेव थेट कढईत पाडताना हात तापलेल्या तेलावर असतो. तेव्हा मनगट वाकडं होऊ नये म्हणून ते कान थोडे खाली झुकवले. कानांखालचं नळकांडं गोल न ठेवता अठपैलू केलं, कारण पिठाचा, तेलाचा हात गोल धातूवरून घसरतो. आणि मुठीच्या मधोमध, अगदी वर, एक छोटा कळस. तो कशासाठी, हे विचारल्यावर काकांचं उत्तर, “बरा दिसतोय.”

२००४ साली काकांनी या सगळ्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मिळालंही. दुपदरी आटे, लांब मूठ, झुकते कान यांनी मिळून काय साधतं, हे त्यात सविस्तर लिहिलेलं आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. दरवर्षीची फी वेळेवर भरली तरी २० वर्षांनी ते संपतंच. आमचं २०२४ मध्ये संपलं. त्याच दिवाळीत भांड्यांच्या दुकानांतून दुसऱ्या नावाचा सोऱ्या आला. तीच मूठ, तेच कान, तेच अठपैलू अंग, आणि कळससुद्धा! खोकाही आमच्यासारखा पिवळा. एका जुन्या दुकानदारानं दोन्ही शेजारी ठेवून मला विचारलं, “ताई, तुम्हीच नाव बदललं काय?”

खोक्याचं प्रकरण लवकर मिटलं. नोटीस गेली आणि पुढच्या मालापासून त्यांचा खोका हिरवा झाला. आकाराचं मात्र तसं नव्हतं. डिझाइन कायद्याखाली नोंदणी मिळण्यासाठी वस्तू नवी असावी लागते, अर्जाच्या आधी लोकांपुढे आलेली चालत नाही. आमचा सोऱ्या २० वर्षं विकला जात होता. पेटंट संपलेलं. उरला ट्रेडमार्क. तो दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत कितीही वर्षं चालवता येतो, आणि वापर जितका जुना तितकी बाजू भक्कम. निदान मला तेव्हा तसं वाटलं होतं. पुण्याच्या वकील मॅडमनी पहिल्याच फोनवर सांगून टाकलं, “आकाराचा अर्ज करता येईल, पण ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९(३) आडवं येईल. ते डोक्यात ठेवूनच पैसे खर्च करा.”

अर्ज भरणं तसं सोपं. फॉर्म टीएम-ए, वर्ग २१ म्हणजे घरगुती भांडीकुंडी, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी असल्यामुळे ऑनलाइन फी साडेचार हजार. मात्र वस्तूचा आकार हाच ट्रेडमार्क म्हणून मागायचा असेल तर २०१७च्या नियमांनुसार त्याची किमान पाच बाजूंनी दिसणारी चित्रं द्यावी लागतात आणि शब्दांत वर्णनही. फोटो पुतण्यानं काढून दिले. वर्णन मी लिहिलं, इंजिनीअर लिहितो तसं: “पकड घट्ट बसावी म्हणून खाली झुकलेले दोन कान, पुरेसा जोर मिळावा यासाठी लांब केलेली मूठ, हात घसरू नये म्हणून अठपैलू अंग.” मॅडमनी त्यातलं प्रत्येक ‘म्हणून’ आणि ‘यासाठी’ खोडून परत पाठवलं. उरलं ते असं: खाली झुकलेले दोन कान, लांब मूठ, अठपैलू अंग, कळस. मी जरा चिडूनच विचारलं, की कशासाठी आहे ते लिहिलं नाही तर या आकाराचं महत्त्व त्यांना कळणार कसं? त्या म्हणाल्या, “महत्त्व कळू नये हीच आपली प्रार्थना आहे.” मी हसले, पण त्यांचं म्हणणं पूर्ण उलगडायला पुढचे काही महिने जावे लागले.

परीक्षण अहवालात दोन हरकती आल्या. पहिली कलम ९(१)(अ)ची, की या आकारात अमुकच निर्मात्याचा माल ओळखता येईल असं वेगळेपण नाही. दुसरी ९(३)(ब)ची, की हा आकार तांत्रिक परिणाम साधण्यासाठी आवश्यक असलेला आकार आहे. उत्तर द्यायला एक महिना.

या दोन हरकती दिसायला सारख्या, पण जातीनं वेगळ्या आहेत, आणि माझ्यासारख्या नवख्याची गाडी इथेच रुळावरून घसरते. पहिली हरकत वापराच्या पुराव्यानं दूर करता येते. वर्षानुवर्षांच्या विक्रीनं आकार लोकांच्या ओळखीचा झाला, तो दिसला की आमचंच नाव आठवतं, हे दाखवलं तर कायदा ऐकतो. मी त्यावर तुटून पडले. सीएकडून उलाढालीचं प्रमाणपत्र, जाहिरातखर्चाचे आकडे, जुनी बिलं, भीमथडी जत्रेतल्या स्टॉलचे फोटो, दुकानदारांची पत्रं, वापराचं प्रतिज्ञापत्र. फाइल जाडजूड झाली. मग मॅडमनी दाखवून दिलं, की वापरानं कमावलेल्या ओळखीची सवलत कायद्यानं फक्त ९(१)ला दिली आहे. ९(३)ला ती नाहीच. उद्या महाराष्ट्रातल्या झाडून साऱ्या गृहिणींनी शपथेवर सांगितलं की हे कान म्हणजे याच वर्कशॉपचे, तरी ते कान कामाचे असतील तर ट्रेडमार्क मिळत नाही.

आणि कान कामाचे आहेत हे आम्हीच जन्मभर ओरडून सांगितलेलं. आमच्या पत्रकावर पहिलीच ओळ: “हातात फिरणार नाही, मनगट दुखणार नाही!” यूट्यूबवरच्या व्हिडिओत काका कान पकडून दाखवतायत. ग्राहकांची पत्रं आली तीही हेच कौतुक करणारी. पेटंटच्या कागदात तर कानांचा कोन का तसा ठेवला, याचा स्वतंत्र परिच्छेद. इतकी वर्षं जपून ठेवलेली सगळी कौतुकं एका रात्रीत दुसऱ्या पक्षाची साक्षीदार झाली.

कामाच्या आकाराला ट्रेडमार्क नाही, या तत्त्वाला अमेरिकेत फंक्शनॅलिटी डॉक्ट्रिन म्हणतात आणि त्यावर तिकडे खूप काथ्याकूट झालेला आहे. तिथले निकाल आपल्याकडे बंधनकारक नाहीत, पण प्रश्न तोच असल्यामुळे मॅडमनी मला काही वाचायला पाठवले. त्यातला २००१चा ट्रॅफिक्स विरुद्ध मार्केटिंग डिस्प्लेजचा निकाल वाचताना मला वाटलं, ही आमचीच कथा आहे, फक्त सोऱ्याऐवजी रस्त्यावरचा फलक आहे. रस्त्याच्या कामाच्या ठिकाणी उभे करायचे तात्पुरते फलक वाऱ्यानं आडवे होतात. सार्किशियन नावाच्या संशोधकानं फलकाच्या बुडाशी दोन स्प्रिंगा शेजारी शेजारी लावल्या. वारा आला की फलक झुकतो आणि परत उभा राहतो. त्याची पेटंटं होती. ती संपल्यावर दुसऱ्या कंपनीनं तसेच फलक काढले. मूळ कंपनी कोर्टात गेली, की त्या दोन उघड्या स्प्रिंगा दिसल्या की लोक आमचा फलक ओळखतात, तेव्हा तो आमचा व्यापारी पेहराव (ट्रेड ड्रेस, म्हणजे मालाचं ओळख पटवणारं रूप) आहे. सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं नाही म्हटलं. निकाल न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला. एखादा भाग पेटंटात कामाचा म्हणून मांडलेला असेल तर तो कामाचाच आहे याचा तो भक्कम पुरावा. आता तो निव्वळ शोभेचा किंवा ओळखीचा आहे हे सिद्ध करण्याचं जड ओझं मालकावर. गंमत म्हणजे पेटंट चालू असताना याच संशोधकानं दुसऱ्या एका उत्पादकाला कोर्टात खेचलं होतं. त्या उत्पादकाच्या स्प्रिंगा तर एकमेकींपासून लांब बसवलेल्या, दिसायला वेगळ्याच होत्या. तेव्हा त्याचा दावा होता, की दिसणं सोडा, काम तेच होतंय. तो दावा तेव्हा जिंकलाही. नंतरच्या खटल्यात तोच त्याच्या कंपनीच्या गळ्याशी आला.

काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे पेटंटात खोटं लिवायला पायजे हुतं व्हय?”

खोटं लिहून पेटंट मिळालं नसतं, हे त्यांनाही माहीत आहे. पेटंट म्हणजे देवाणघेवाण असते. शोध उघड करून सांगायचा, बदल्यात २० वर्षं दुसऱ्या कुणी तो करायचा नाही, आणि मग तो सगळ्यांचा. अमेरिकेतच १९३८ साली गव्हाच्या कुरकुरीत बिस्किटांवरून केलॉग आणि नॅशनल बिस्किट कंपनी यांच्यात खटला झाला. उशीच्या आकाराचं ते बिस्किट ज्या पेटंटाखाली निघत होतं ते १९१२ मध्येच संपलेलं. न्यायालय म्हणालं, पेटंट संपल्यावर तो आकारही जनतेकडे गेला, त्या आकारात बिस्किट करायचा हक्क आता केलॉगलाही आहे. आकारावर ट्रेडमार्क देऊन तीच मक्तेदारी मागच्या दारानं, आणि तीही कायमची, परत द्यायची कशाला? मला हे पटतं. काकांच्या आधी कुणीतरी पितळी सोऱ्याला आटे पाडलेच होते. ते त्यांच्या घराण्याकडेच कायमचे राहिले असते तर काका दुपदरी कशावर करणार होते?

सगळेच निकाल असे रस्त्यावरच्या फलकांचे नाहीत. सर्वांत गोड खटला पॉकीचा. चॉकलेटमध्ये बुडवलेली बिस्किटाची कांडी, एका टोकाला कोरी. जपानच्या एझाकी ग्लिकोनं लोटे या कंपनीच्या पेपेरोविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. अपील न्यायालयानं २०२०-२१ मध्ये तो फेटाळला. कोरं टोक धरायला, म्हणजे हात चॉकलेटनं बरबटत नाही. कांडी बारीक, म्हणजे वाटून खाता येते, खोक्यात जास्त मावतात. हे सगळं कामाचं आहे, आणि ग्लिकोच्या स्वतःच्या जाहिराती हात न बरबटणाऱ्या टोकाचंच कौतुक करत होत्या. आमचं पत्रक आठवून मी कपाळाला हात लावला. बिस्किटाच्या कोऱ्या टोकाचं हे, तर आमच्या कानांचं काय!

आमच्याकडे एक युक्तिवाद होता आणि मला तो बिनतोड वाटायचा: चकली पाडायला हाच आकार लागतो असं कुठंय? दाबाचा सोऱ्या आहे, बंदुकीसारखा घोडा ओढायचा आहे, गोल कड्यांचा आहे. आमचे कान कुणी नाही लावले तरी कुणाची दिवाळी अडत नाही. मग ‘आवश्यक’ कसं? हा युक्तिवाद फिलिप्सनं आधीच करून पाहिला होता. तीन गोल डोक्यांचं त्यांचं दाढीचं यंत्र. रेमिंग्टननं तसंच काढलं. युरोपच्या न्यायालयापुढे फिलिप्सचं म्हणणं, की दाढी दुसऱ्या आकारांनीही तितकीच छान होते. २००२ मध्ये न्यायालयानं सांगितलं, दुसरे आकार असतील तर असोत. या आकाराची मुख्य वैशिष्ट्यं तांत्रिक परिणामामुळेच आलेली असतील तर नोंदणी नाही. कारण विचार केला की दिसतं: एकानं एक चांगला आकार अडवला, दुसऱ्यानं दुसरा, तर दहा कंपन्या मिळून सगळेच चांगले आकार कायमचे वाटून घेतील. माझ्या बिनतोड युक्तिवादाची तोड अशी दोन ओळींत निघाली.

हिअरिंग व्हिडिओ कॉन्फरन्सवर झालं. मॅडम पुण्यातून, मी वर्कशॉपच्या ऑफिसातून, मागे बफिंगचा आवाज येऊ नये म्हणून मोटर बंद करून. मॅडमनी आधी ९(१)ची फाइल मांडली. अधिकाऱ्यांनी ती मान डोलवत पाहिली. मग मॅडमनी मुंबई उच्च न्यायालयाच्या २०११च्या गोर्बाचॉव वोडका प्रकरणाचा दाखला दिला. त्यात बाटलीचा रशियन चर्चच्या कांद्यासारख्या घुमटाचा आकार तशाच बाटलीपासून वाचवला गेला होता. मनाई हुकूम देणारे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. अधिकारी म्हणाले, त्या घुमटानं वोडका ओतायला मदत होत नाही. तुमचं काय ते सांगा. आणि थेट मला विचारलं, “हे कान काढून टाकले तर काय होईल?”

मॅडमनी आधीच बजावलं होतं, की विचारतील तेवढंच आणि खरं तेच. मी म्हणाले, “सोऱ्या हातात फिरेल.”

“मूठ आखूड केली तर?”

“जोर पुरणार नाही.”

“अंग गोल केलं तर?”

“हात घसरेल.”

उत्तरं देताना मला आत कुठेतरी बरंच वाटत होतं, हे कबूल करायला हरकत नाही. आमच्या सोऱ्यातला प्रत्येक भाग का आहे, हे असं सलग कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग शेवटचा प्रश्न आला, “आणि हा वरचा कळस?”

“तो नुसताच आहे.”

मॅडमनी तो धागा लगेच पकडला. कायदा म्हणतो, ‘केवळ’ तांत्रिक परिणामासाठी आवश्यक अशा आकाराचं बनलेलं चिन्ह. कळस शोभेचा आहे, म्हणजे आमचा आकार ‘केवळ’ तांत्रिक राहिला नाही! अधिकारी हसले. लेगोनंही खेळण्यातल्या विटेच्या बाबतीत हेच म्हटलं होतं, ते म्हणाले. ते खरंच आहे: २०१०च्या लेगो निकालात युरोपच्या न्यायालयानं ठरवलं, की मुख्य वैशिष्ट्यं सगळी कामाची असतील तर एखादा किरकोळ शोभेचा तपशील घातल्यानं आकार वाचत नाही. आठ खुंट्यांच्या विटेचा ट्रेडमार्क लेगोनं तिथेच गमावला. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात तर लेगो २००५ मध्येच हरलं होतं.

अर्ज नाकारल्याचा आदेश आला. उच्च न्यायालयात अपिलाला तीन महिने होते. मॅडमनी खर्चाचा अंदाज सांगितला, जिंकण्याचा सांगितला नाही. आम्ही अपील केलं नाही.

मध्येच एक सांगायचं राहिलं. काही जणांना वाटतं, की कामाचा आकार चालत नाही, तर मग सुंदर आकार करू. तिथे ९(३)(क) बसलेलं आहे: ज्या आकारानं वस्तूला भरीव मूल्य येतं तोही चालत नाही. बँग अँड ओलुफसेननं पेन्सिलीसारखा उभा, निमुळता स्पीकर काढला. लोक तो घेत त्याच्या रूपासाठी. २०११ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टानं सांगितलं, रूपच एवढं मोलाचं आहे म्हणूनच ट्रेडमार्क नाही. म्हणजे फार उपयोगी असून चालत नाही आणि फार देखणं असूनही नाही. कोका-कोलाच्या बाटलीसारखं काहीतरी हवं. तिला १९१५ मध्ये अमेरिकेत डिझाइन पेटंट मिळालं आणि १९६० मध्ये ट्रेडमार्क. ती बाटली पिण्याच्या कामात काडीची भर घालत नाही, तरी अंधारात हातात आली तरी ओळखू येते.

तर, कळस. लेगोचंच पुढचं प्रकरण मॅडमनी पाठवलं. वीट गेली, पण लेगोच्या छोट्या पिवळ्या बाहुलीचा आकार २०१५ मध्ये युरोपच्या जनरल कोर्टात टिकला. तिला पायात भोकं आहेत, डोक्यावर खुंटी आहे, तरी तिचं माणसासारखं दिसणं कुठल्याही तांत्रिक परिणामासाठी आवश्यक नाही, असं ठरलं. काकांना सांगितल्यावर ते म्हणाले, “आरं तिच्या! इटंला न्हाई आनि भावलीला हाय?”

हो, आणि आमची भावली म्हणजे कळस.

इथे मला माझ्याच एका जुन्या कागदाची आठवण झाली. वर्कशॉपमध्ये आले तेव्हा मी आधी प्रत्येक नगाच्या खर्चाचं पत्रक केलं होतं. इंजिनीअरला शिकवलेलं असतं ते हेच: जे काम करत नाही ते काढा. त्या पत्रकात कळसापुढे माझा शेरा आहे, “उपयोग नाही. काढल्यास लेथचा वेळ आणि धातू वाचेल.” काकांनी तेव्हा पत्रक वाचून दुमडलं आणि खिशात घातलं. कळस राहिला. अमेरिकेत १९८२च्या मॉर्टन-नॉर्विच या फवाऱ्याच्या बाटलीच्या निकालात चार गोष्टी तपासायला सांगितल्या आहेत: पेटंट काय म्हणतं, जाहिरात काय म्हणते, दुसरे आकार आहेत का, आणि हा आकार करायला स्वस्त पडतो का. कळसाचा पेटंटात उल्लेख नाही, जाहिरातीत नाही. त्याच्या जागी काहीही बसवता येतं. आणि तो स्वस्त तर नाहीच, उलट महाग पडतो, हे मीच लिहून ठेवलेलं. मॅडमनी तो कागद मागवून घेतला. अशा चिठ्ठीसाठी लोक जीव टाकतात, म्हणाल्या.

दुसरा अर्ज फक्त कळसाच्या आकाराचा केला. पाच बाजूंची चित्रं पुन्हा, या वेळी वर्णनात खोडण्यासारखं ‘म्हणून’ नव्हतंच. ९(१)ची हरकत अपेक्षेप्रमाणे आली, आणि मागची जाडजूड फाइल इथे कामी आली. महाद्वार रोडवरच्या भांडीवाल्यांची पत्रं विशेष, कारण बायका दुकानात येऊन ‘कळसाचा सोऱ्या’ म्हणून मागतात, हे त्यांनी आपणहून लिहून दिलं होतं. ‘कानाचा’ म्हणून कुणी मागत नाही. ज्या कानांवर काकांनी वर्षं घालवली ते कुणाच्या बोलण्यात नाहीत, आणि जो कळस लेथवर हौसेनं उतरला त्याच्या नावानं वस्तू विकली जाते. काकांना याचं वाईट वाटतं. मला वाटतं, कान चांगले असल्यामुळेच ते कुणाच्या ध्यानात येत नाहीत.

अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. प्रसिद्धीनंतर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. अगदी मुदत संपता संपता विरोध आला, अर्थात त्या हिरव्या खोक्यावाल्यांचा. त्यांच्या नोटिशीतला मुख्य मुद्दा वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. कळस हा शोभेचा नाही, असं त्यांचं म्हणणं. सोऱ्यात पीठ भरण्याआधी दट्ट्या वर घ्यायचा असतो. तेव्हा कळस चिमटीत धरून मूठ भराभर फिरवता येते, म्हणजे तो तांत्रिक परिणामासाठी आवश्यक आहे. सबब ९(३)(ब).

मुद्दा हुशारीचा होता. मी रिकामा सोऱ्या घेऊन करून पाहिलं. फिरवता येतं, पण दोन-तीन फेऱ्यांत कळसाचं टोक बोटाच्या पेराला टोचायला लागतं. काकांना विचारलं, तर म्हणाले, “टोचतंय की. टोक हाय ते. कळस कुटं चिमटीत धरायचा असतोय व्हय?”

विरोधाला प्रतिउत्तर द्यायला नोटीस मिळाल्यापासून दोन महिने असतात. ते दिलं आहे, आता पुराव्याची पाळी आहे. या वेळी कौतुकाची पत्रं बाजूला ठेवली आणि ऑफिसातल्या कपाटातून तक्रारींचा गठ्ठा काढला. वरचं टोक लागतं, घासताना बोटाला ओरखडा येतो, पुढच्या वेळी ते गोल करा, नाहीतर काढूनच टाका. साताऱ्याच्या, बेळगावच्या, डोंबिवलीच्या बायकांची अशी पत्रं आणि मेल निघाले. काकांनी त्यातलं एकही मनावर घेतलं नव्हतं. सगळी प्रतिज्ञापत्राला जोडून पाठवली आहेत.